शेवटच्या वाफ्यापाशी

२ फेब्रुवारी १९८६, रविवार. वसई

ही डायरी खताच्या दुकानदाराने दिली. दर वर्षी देतो. दर वर्षी ती माझी बायको मार्था लिहायची. लिहायची म्हणजे काय, रोज एक ओळ. 'आज सात वाफे भिजले.' 'आज चार, इंजिन बिघडलं.' 'आज लग्नाला गेलो, पाणी नाही.' अशा तिच्या चौदा डायऱ्या कपाटात आहेत आणि त्यांत दुसरं काहीही नाही. गेल्या वर्षीची सात नोव्हेंबरला थांबते, कारण आठला ती गेली. यंदाची कोरी कशाला ठेवायची म्हणून मी लिहायला घेतली. घरी आम्ही बोलतो ती बोली कागदावर उतरत नाही, म्हणून शाळेत शिकलो ती मराठी.

आज चर्चमधली मिस्सा आटपून रुडॉल्फ घरी आला. पूर्वी तो माझ्याकडून विड्याची पानं घेऊन बाजारात विकायचा, आता जमिनी विकतो. वाडी घ्यायला त्याचा बिल्डर तयार आहे. बावखल बुजवून त्यावर पहिली इमारत उभी राहणार. बावखल म्हणजे आमचं वाडीतलं तळं. माझ्या आजोबांनी खणलं, उन्हाळ्यातही आटत नाही. विक्रीच्या कागदावर मी जानेवारीतच सही केली आहे.

"व्हॅलेरियनकाका, काकीच्या हिश्श्यावर आता प्लासिडचं नाव लागलंय," रुडॉल्फ म्हणाला. "त्याची सही झाली की झालं. तुम्ही चाललाच आहात त्याच्याकडे, तर कागद सोबत न्या."

प्लासिड माझा मुलगा, एकुलता एक. सहा वर्षं आखातात आहे, अल ऐन नावाच्या शहरात. त्याने व्हिसा पाठवलाय. पत्रात लिहितो, 'बाबा, तीन-चार आठवडे या. शहर बघा. मन रमेल.' मन रमायला आधी ते जागेवर लागतं, हे त्याला कोण सांगणार.

वाडी विकताना काही वाटतं का, असं सॅन्टनने विचारलं. सॅन्टन शेजारी, त्याची वाडी माझ्या वाडीला लागून. मी खरं ते सांगितलं. काही वाटत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार. अल ऐन

पोचलो. विमानात शेजारचा माणूस सारखा खिडकीतून खाली बघत होता. मी एकदा बघितलं. पाणी होतं, मग वाळू होती.

विमानतळावर प्लासिड आला होता. तिथून शहर दोन तासांवर, भाड्याच्या टॅक्सीत आणखी तिघांबरोबर. त्याच्याकडे गाडी नाही. सहा वर्षांत लायसनच्या परीक्षेला चारदा बसला, चारदा नापास. वर्कशॉपची गाडी कामाशिवाय वापरता येत नाही. हे सगळं तो मान खाली घालून सांगत होता. मी म्हटलं, अरे, मला कुठे लग्नाच्या वरातीला जायचंय.

तो मोठ्या वर्कशॉपात फिटर आहे. एका खोलीत तिघं राहतात. एक गावी गेलाय, त्याची खाट मला दिली. दुसरा आपल्याच निर्मळचा आलोशियस. भला मुलगा आहे, पण झोपेत घोरतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

इथे रविवारी कामाला जायचं आणि शुक्रवारी मिस्साला. जेवण झाल्यावर मी कागद काढून प्लासिडपुढे ठेवला आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं. त्याने शेवटपर्यंत वाचला. मग घडी घालून गादीखाली ठेवला.

"आज नको, बाबा. शुक्रवार आहे."

शुक्रवारचा आणि सहीचा काय संबंध ते कळलं नाही. मग त्याने एक यादी दिली. काय काय बघायचं, कुठे बसने जायचं, कुठे चालत. किल्ला, प्राणिसंग्रहालय, डोंगर, उंटांचा बाजार, खजुराची वाडी. शेवटच्या नावाखाली दोन रेघा मारल्या आहेत. तो सकाळी सहाला जातो, पाचला येतो. तेवढा वेळ मी शहर बघायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

किल्ला पाहिला. बस कुठे थांबते ते कुणाला सांगता येईना, म्हणून चालत गेलो. या शहरात कुणी चालत नाही. रस्ते एवढे रुंद की आपल्या पापडी गावचा बाजार आडवा मावेल, आणि त्यावर माणूस म्हणून मी एकटा. तीन गाड्या थांबल्या. लोक काच खाली करून विचारतात, मी नको म्हणतो, ते पुन्हा विचारतात. एक पोलीसही थांबला. मी हरवलोय असं त्याला वाटलं.

किल्ला मातीचा आहे. आपल्या वसईच्या किल्ल्यापुढे हा म्हणजे कोंबड्यांचं खुराडं, पण डागडुजी चांगली ठेवलीय. शेजारी संग्रहालय आहे. तिथे जुन्या विहिरीचं चित्र होतं, बैल उतारावरून खाली जातो आणि चामड्याची मोट वर येते. माझ्या वडिलांच्या मामाकडे अशीच होती. हे बघायला विमानाने यायची काय गरज होती?

प्लासिडने संध्याकाळी विचारलं, "विहिरीचं चित्र बघितलंत?" म्हटलं, बघितलं. "मग?" मग काय? मग परत आलो.

सहीचं विचारलं. पेन चालत नाही म्हणाला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार. संध्याकाळी प्लासिडबरोबर चर्चला गेलो. फादरांनी कपाळाला राख लावली, माती आहेस आणि मातीला मिळशील म्हणाले, ते इंग्रजीत. येताना पाव घ्यायला थांबलो तर दुकानदाराने कपाळाकडे बोट दाखवून कागदी रुमाल पुढे केला. कुठेतरी घाण लागली असं त्याला वाटलं. प्लासिडने समजावून सांगितलं. दुकानदार ओशाळला आणि त्याने पैसे घ्यायला नकार दिला. भले लोक आहेत.

येण्याआधी सेमेटरीत मार्थाच्या कबरीपाशी जायला हवं होतं. गेलो नाही. तिकडेही काही वाटलं नसतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

प्राणिसंग्रहालय. प्लासिडला सुट्टी होती म्हणून तो सोबत. पांढरं हरीण, कासव, सिंह. सिंह झोपला होता. आम्ही दोघंही त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिलो.

पिंजऱ्यांच्या बाजूला झाडं लावली आहेत. एक माणूस पाइपने पाणी घालत होता. बुंध्यावर सरळ धार सोडलेली. प्लासिड म्हणाला, "बाबा, हा बरोबर घालतोय का पाणी?" मी म्हटलं, त्याचं झाड, त्याचं पाणी. त्याने पुन्हा विचारलं. या पोराला एवढी उठाठेव कशाला? लहानपणी पाण्याच्या इंजिनापाशी ये म्हटलं की पळून जायचा.

कागदाचं विचारलं. "उद्या," म्हणाला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डोंगर बघायला निघालो. गावाबाहेर मोठा उघडा डोंगर आहे, कुठूनही दिसतो. प्लासिडने लिहिलंय, 'पायथ्यापर्यंत टॅक्सीने जा.' मी म्हटलं दिसतोय समोर, टॅक्सी कशाला. दोन तास चाललो. डोंगर होता तेवढाच लांब राहिला. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हा साजराही नव्हता. एका सिमेंटच्या कट्ट्यावर बसलो, सोबत नेलेला पाव खाल्ला आणि परत फिरलो.

प्लासिडला सांगितलं, डोंगर बघितला. खोटं नाही.

पाय दुखतात. दुखलं की निदान ते कळतं तरी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

उंटांचा बाजार. रस्त्याने जाताना एका म्हाताऱ्या अरबाने गाडी थांबवली आणि मी नको म्हणेपर्यंत दारच उघडलं. मागे बकऱ्या होत्या. त्याला माझी भाषा नाही, मला त्याची नाही. बसवलं आणि खजुराची पिशवी मांडीवर ठेवली. बाजारात उतरलो तर त्याने हाताला धरून एकेक उंट दाखवला, जणू मी घेणारच आहे. मी एका उंटिणीचा गुडघा बघून मान हलवली. त्याने वाकून बघितलं, गुडघा खरंच सुजला होता, आणि तो विकणाऱ्याशी भांडायला लागला. आजवर उंटाशी माझा संबंध एवढाच की आमच्याकडे शहाणा बसतो तो त्याच्यावर.

हे मार्थाला सांगितलं असतं तर ती हसली असती. तोंडाला पदर लावून हसायची, पुढचे दोन दात नव्हते म्हणून.

प्लासिडला सांगितलं, तो हसला. हुबेहूब तसाच. मी उठून हात धुवायला गेलो.

आज दोन आठवडे झाले. सही नाही. आळस, दुसरं काय.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज हात दाखवून अवलक्षण झालं.

यादीतलं शेवटचं राहिलं होतं, खजुराची वाडी. शहराच्या मधोमध आहे. मातीच्या भिंती, मधून अरुंद वाट, आणि आत शिरलं की उन्हाचा पत्ता नाही. हजारो माड असावेत तसे खजूर. खाली केळी, लिंबं, गवत. आणि पाट. डोंगराकडून जमिनीखालून पाणी आणलंय आणि ते सिमेंटच्या पाटाने वाडीभर फिरवलंय. ठिकठिकाणी पाटाला तोंड ठेवलंय, त्यात दगड आणि चिंध्यांचा बोळा. पाणी घ्यायचं तर बोळा काढायचा, झालं की परत बसवायचा. मी चालत राहिलो. माणूस कुणी दिसेना.

एका ठिकाणी तोंड उघडं होतं आणि पाणी आत चाललेलं. बघितलं तर वाफा भरून वाहत होता. घोटाभर पाणी साचलेलं, काठावरून ओघळ दुसरीकडे निघालेला, आणि आसपास कुणी नाही. मी हाका मारल्या. कुणाला मारल्या, ठाऊक नाही. मग चपला काढल्या, पाटात उतरलो, बोळा शोधून तोंडात कोंबला, वर दगड ठेवला आणि पायाने चिखल दाबला. तरीही मी त्या वाफ्यात सगळीकडे बघत होतो, खजुरांच्या मागे, गवतात.

थोड्या वेळाने एक माणूस धावत आला. बलुची, माझ्याएवढाच असेल, नाव मुराद. त्याने तोंड बघितलं आणि डोक्याला हात लावला.

"बाबा, ये क्या किया! मेरा बारी था!"

तेव्हा कळलं. इथे पाणी सगळ्यांचं आहे, वेळेवर वाटून दिलेलं. मुरादच्या मालकाला अर्ध्या तासाची पाळी होती, ती मी बंद केली आणि पाणी पुढच्याच्या शेतात गेलं. आणि खजुराला असंच घोटाभर पाणी उभं लागतं म्हणे. भरलेला वाफा वाहताना बघून वसईचा वाडीवाला पुढे जाऊ शकत नाही, हे त्याला कसं सांगणार? आमच्याकडे पाणी आपल्या तळ्याचं, पाळी कुणाची नाही, आणि वाफा वाहू देणं म्हणजे पाप.

मी हात जोडले. म्हटलं, गलती हो गया. त्याने माझ्या पायांकडे बघितलं, गुडघ्यापर्यंत चिखल होता. मग त्याचा राग उतरला. "खेती करता है?" विचारलं. मी म्हटलं, करता था.

बुधवारी दुसऱ्या कुणाचीतरी पाळी तो मागून घेणार आहे. मी म्हटलं, मदतीला येतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

कुठे गेलो नाही. काल हाका का मारल्या ते लिहून ठेवतो, म्हणजे पुन्हा विचार करायला नको.

आमच्याकडे पाणी लावायला दोघं लागतात. मी बावखलावर इंजिनापाशी, मार्था वाडीच्या टोकाला. ती अनवाणी पायाने माती सरकवून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायची आणि शेवटचा वाफा भरला की हाक द्यायची, "भरलाऽऽ!" इंजिनाच्या आवाजावर जाईल अशी हाक. अर्ध्या गावाला ठाऊक होती. हाक आली की मी इंजिन बंद करायचो.

आठ नोव्हेंबरला हाक आली नाही. मला वाटलं वाफा अजून भरला नसेल. बिडी ओढली. तरी आली नाही. मी म्हटलं, कुणाशी गप्पा मारत बसली असेल, आणि इंजिन चालू ठेवलं. माझ्या पायाशी पाणी परत वाहत आलं तेव्हा उठलो. ती शेवटच्या वाफ्यात पडली होती. वाफा भरून वाहत होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, तुम्ही लगेच धावला असता तरी उपयोग नव्हता. हे ते सगळ्यांनाच सांगत असतील.

प्लासिड चौथ्या दिवशी पोचला, तेव्हा मातीही झाली होती. त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. त्यापेक्षा विचारला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी इंजिनाला हात लावलेला नाही. सॅन्टन आपल्या वाडीतून थोडं पाणी सोडतो. मी त्याला नको म्हटलं नाही, हो पण म्हटलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी चहा करता करता प्लासिड म्हणाला, "बाबा, एकदाच विचारतो. वाडी तुम्हाला खरंच नको?"

मी म्हटलं, "मला काय करायचीय ती?"

"आणि समजा मी..." एवढं बोलून थांबला.

"तू काय?"

"काही नाही. चहा घ्या, गार होतोय."

मी म्हटलं, तीन आठवडे झाले, तुला सही करायला मुहूर्त हवाय का? त्यावर तो बरं म्हणाला आणि कामाला गेला.

दहा वाजता खजुराच्या वाडीत पोचलो. मुराद वाटच बघत होता. त्याने मला पाटाच्या तोंडाशी उभं केलं आणि स्वतः पलीकडे खजुरांत गेला, दिसेनासा झाला. मी चपला काढल्या. पाणी कोमट होतं. बोळा काढला तसं ते घोट्यांना घासत आत गेलं. मी उभा राहिलो. हातात चिंध्यांचा बोळा, आणि मी ऐकत होतो. किती वेळ ते ठाऊक नाही. मला वाटलं आता काही ऐकू येणार नाही. मग खजुरांच्या मागून मुरादने हाक दिली, लांबलचक, "भर गयाऽऽ!"

मी तोंड बंद केलं, दगड ठेवला आणि तिथेच पाटाच्या कडेला बसलो. रडलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मोठ्याने रडलो, लाज वाटली नाही. मुराद आला. "आँख में रेत गया?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. तो शेजारी बसला आणि त्याने तंबाखू पुढे केली.

परत चालत आलो. वाटेत गाड्या थांबल्या, त्यांच्याकडे लक्ष गेलं नाही. सबंध रस्ता मी मनात एकच वाक्य घोळवत होतो, की प्लासिडला सांगायचं, कागद राहू दे, मला वाडी विकायची नाही.

खोलीवर पोचलो तर तो लवकर आला होता.

"बाबा, केली सही," तो म्हणाला. "आलोशियस दुपारी सुट्टीवर निघाला, त्याच्या हाती दिला कागद. परवा रुडॉल्फला मिळेल. सुटलात ना आता?"

तो मोकळा झाल्यासारखा दिसला. डोळे लाल होते, वेल्डिंगचं काम असतं दिवसभर. त्याचं वय एकोणतीस. उद्या लग्न करेल, इथे नाहीतर मुंबईत घर घेईल. मी रोज मागे लागलो तेव्हा कुठे त्याने केली, आणि आता तोंड वर करून नको म्हणायचं? पोराच्या मनासारखं झालं असेल तर मी कशाला मोडता घालू?

मी म्हटलं, बरं झालं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

उद्या निघायचं. माझ्या बॅगेची चेन तुटली, म्हणून प्लासिडने त्याची जुनी सुटकेस दिली. त्यातलं सामान त्याने एकट्याने भरलं, मला हात लावू दिला नाही. टॉर्च, साबण, सॅन्टनच्या नातवंडांना चॉकलेट, खजूर.

"पुढच्या वेळी गाडी असेल, बाबा. सगळीकडे फिरवीन."

मी म्हटलं, बावखलात पोहायला एका दिवसात शिकलास आणि गाडी सहा वर्षांत येत नाही? तो हसला नाही. बावखलाचं नाव मी काढायला नको होतं का, कोण जाणे. म्हणाला, "शिकवलं आईने. तुम्ही इंजिनापाशी होता."

मुरादला भेटायला गेलो होतो. त्याने दोन्ही हात धरले. माझ्या शहरदर्शनात बघण्यासारखं एवढंच होतं.

२ मार्च, रविवार. वसई

घर. पानवेल वाळली आहे. केळी तग धरून आहेत, सॅन्टनची कृपा. बावखलात शेवाळ आलंय, पण पाणी होतं तेवढं आहे.

संध्याकाळी रुडॉल्फ आला. आलोशियसने कागद पोचवला. "सोमवारी, दहा तारखेला, रजिस्ट्रेशनला जाऊ, काका. मी दहा वाजता न्यायला येतो. तुमचा तिथे एक अंगठा आणि एक सही, की संपलं. बावखल बुजवायला मुरमाचे ट्रक कामणला सांगून ठेवलेत." मी हो म्हटलं. त्याला चहा दिला. दूध फाटलं होतं, तरी त्याने तो प्यायला.

५ मार्च, बुधवार

सेमेटरीत गेलो. तासभर बसलो. तिला उंटिणीच्या गुडघ्याची गोष्ट सांगितली.

९ मार्च, रविवार

मिस्साहून आलो. आठवडाभर सुटकेस तशीच पडली होती. आज खाली ओतली. तळाला अस्तर म्हणून जाड कागद घातलेला. वर्कशॉपात यंत्राची चित्रं काढतात तसला. खजुराचा चिकटा लागला होता म्हणून तो बाहेर काढला आणि उलटा केला.

प्लासिडने काढलेला आमच्या वाडीचा नकाशा. पट्टीने. प्रत्येक वाफा, पाटाचं प्रत्येक वळण, सॅन्टनच्या कुंपणाकडचा वाकडा शेवगासुद्धा. मला आधी वाटलं, बिल्डरला दाखवायला काढला असेल. मोजमापं बघत गेलो. एकही चुकलेलं नाही. बावखलाच्या पलीकडे एक वाफा जास्त होता. तिथे कधीच वाफा नव्हता. त्यात लिहिलंय, 'मोगरा. जूनपासून.'

कोपऱ्यात तारीख घातलीय, वर्कशॉपाची सवय. १४ डिसेंबर १९८५. मार्थाला महिना होऊन गेला होता आणि रुडॉल्फ अजून माझ्याकडे आलाही नव्हता.

इंजिनाच्या जागी लिहिलंय, 'बाबा'. आणि पार टोकाला, शेवटच्या वाफ्यापाशी, 'मी'.

मी कागद टेबलावर ठेवला. त्याची यादी आठवली, विहिरीचं चित्र, पाइपवाला माळी, खजुराच्या वाडीखालच्या दोन रेघा. शुक्रवार आहे, पेन चालत नाही, उद्या बघू. तीन आठवडे पोरगा माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी त्याला आळशी म्हणत होतो. माझ्यासारखा मूर्ख अख्ख्या वसईत शोधून सापडायचा नाही.

१० मार्च, सोमवार

सहाला उठून सॅन्टनला हाक मारली. इंजिनाच्या टाकीत डिझेल घट्ट बसलं होतं, ते काढून साफ केलं. दोघांनी आळीपाळीने हँडल मारलं. बाराव्यांदा धरलं. सॅन्टन शेवटच्या वाफ्यापाशी उभा राहतो म्हणाला. मी नको म्हटलं. ती जागा रिकामी राहू दे.

एकट्याने पाणी लावणं म्हणजे पळापळ. इंजिनापासून टोकापर्यंत आणि परत. त्या वाफ्यापर्यंत जाताना पहिल्या खेपेला पाय उचलेना. दुसऱ्या खेपेला गेलो.

दहा वाजता रुडॉल्फ आला असं सॅन्टनची बायको सांगत होती. फाटकात उभा राहून हाका मारत होता म्हणे. इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. बघितला मात्र होता. बराच वेळ थांबून गेला. उद्या पुन्हा येईल. येऊ दे. इंजिन उद्याही चालायचं आहे.

दुपारी पोस्टात जाऊन प्लासिडला पत्र टाकलं. लांबलचक लिहायला बसलो होतो, जमलं नाही. एकच ओळ लिहिली, की शेवटच्या वाफ्यापाशी माणूस नाही.

आज पाच वाफे भिजले.